शिकारीसाठी स्वस्तातला रेंजफाइंडर कसा निवडतात? डब्यावरच्या ‘१४०० यार्ड’चा खरा अर्थ काय?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दरवर्षी १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. पहाटेच्या अंधारात भगवी जॅकेट घातलेली माणसं जंगलात शिरतात, मचाणावर चढून बसतात आणि वाट पाहतात. हंगामाच्या आधीचे काही आठवडे सोशल मीडियावर एका छोट्या यंत्राच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. एका डोळ्याने बघायची मुठीएवढी दुर्बीण, बटण दाबलं की समोरच्या वस्तूचं अंतर आकड्यात दिसतं. हाच रेंजफाइंडर.

किंमत शंभर डॉलरपासून हजार डॉलरच्या पुढेपर्यंत. जाहिराती बघितल्या तर सगळी यंत्रं सारखीच वाटतात. १००० यार्ड, १४०० यार्ड, २००० यार्ड असे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले असतात आणि नेमके तेच आकडे ग्राहकाची सगळ्यात जास्त दिशाभूल करतात.

अंतर चुकलं तर बिघडतं काय?

सुरुवात धनुष्यबाणापासून करू, कारण अंतराची चूक तिथे सगळ्यात महाग पडते. अमेरिकेत आधुनिक, कप्पी लावलेल्या धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण २८० फूट वेगाने सुटतो. ऐकायला हा वेग प्रचंड वाटतो, पण बंदुकीच्या गोळीच्या तुलनेत बाण रांगतच जातो आणि वाटेत गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत राहतं.

हिशोब करून बघा. हरीण ४० यार्डांवर (यार्ड म्हणजे ३ फूट, मीटरपेक्षा जरा कमी) उभं आहे, पण शिकाऱ्याला ते ३० यार्डांवर वाटलं आणि त्याने ३० च्या खुणेवर नेम धरला. हवेचा अडथळा सोडून दिला तरी बाण सुमारे ९ इंच खाली लागेल. हरणाच्या छातीतला हृदय आणि फुप्फुसांचा भाग जेमतेम ८ ते १० इंच व्यासाचा असतो. मध्यावर धरलेला नेम ९ इंचांनी घसरला, तर बाण एक तर पोटाखालून निघून जातो, नाहीतर पाय मोडतो. पाय मोडलेलं हरीण तिथे पडत नाही. पळतं, झाडीत शिरतं, कधी काही तासांनी तर कधी काही दिवसांनी मरतं आणि अनेकदा सापडतही नाही.

रायफलमध्ये थोडी सवलत मिळते. .३०८ विंचेस्टर ही तिथली सर्रास वापरली जाणारी गोळी. रायफल २०० यार्डांवर जुळवलेली असेल तर ही गोळी ३०० यार्डांवर साधारण ७ ते ९ इंच खाली येते आणि ४०० वर २० इंचांहून अधिक. म्हणजे २०० यार्डांच्या आत अंदाज थोडा चुकला तरी चालून जातं, ३०० च्या पुढे मात्र नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मोकळ्या माळावर, दरीपलीकडे किंवा बर्फावर माणसाचा अंतराचा अंदाज हमखास फसतो, कारण मध्ये झाडं-घरं नसली की तुलनेला काही उरत नाही.

यंत्र अंतर मोजतं कसं?

तत्त्व सोपं आहे. यंत्रातून डोळ्यांना न दिसणाऱ्या, बहुतेक वेळा ९०५ नॅनोमीटरच्या लेझर प्रकाशाचे अगदी छोटे झोत सुटतात. ते समोरच्या वस्तूवर आपटून परत येतात. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं, प्रकाशाच्या वेगाने गुणायचं आणि निम्मं करायचं. विहिरीत दगड टाकून ‘डुबुक’ आवाज यायला किती वेळ लागला त्यावरून खोली ओळखण्याच्या जातकुळीतलीच ही युक्ती, फक्त वेळ फार बारीक मोजावा लागतो. ३०० यार्डांवरून प्रकाश परत यायला दोन मायक्रोसेकंदही लागत नाहीत. एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सुमारे ६ नॅनोसेकंदांचा फरक पकडता यायला हवा.

पूर्वी हे काम आरशांनी आणि भिंगांनी होत असे. दोन टोकांच्या खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवायच्या आणि कोनावरून अंतर काढायचं. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने असे लांबलचक रेंजफाइंडर युद्धनौकांसाठी बनवले. लायकाच्या जुन्या एम मालिकेतल्या कॅमेऱ्यांना ‘रेंजफाइंडर कॅमेरा’ म्हणतात ते याच तंत्रामुळे. १९६० मध्ये लेझर आला, आधी सैन्याने तो अंतर मोजायला वापरला आणि १९९० च्या दशकात हे तंत्र सामान्य शिकाऱ्याच्या खिशात आलं.

‘१४०० यार्ड’ म्हणजे हरीण १४०० यार्डांवर नव्हे

डब्यावरचा मोठा आकडा ‘रिफ्लेक्टिव्ह’ म्हणजे प्रकाश नीट परतवणाऱ्या वस्तूसाठी असतो. रस्त्याकडेची चकचकीत पाटी डोळ्यांसमोर आणा. गाडीच्या दिव्यात ती झळकते तशी ती लेझरचा बराचसा प्रकाश थेट परत पाठवते. हरणाचं अंग केसाळ. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि यंत्राकडे परत येतो तो फारच थोडा. झाडाचं खोड या दोघांच्या मधलं.

म्हणून चांगल्या कंपन्या माहितीपत्रकात तीन आकडे देतात: पाटीसाठी, झाडासाठी आणि हरणासाठी. पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, तिसरा शोधावा लागतो. शिकाऱ्याच्या कामाचा फक्त तिसरा.

हा फरक किती असतो, ते बाजारातल्या दोन यंत्रांवरून कळतं. ल्यूपोल्डचं आरएक्स-१४००आय आणि व्होर्टेक्सचं क्रॉसफायर एचडी १४०० या दोन्हींच्या नावात १४०० आहे आणि किमतीही साधारण एकाच घरातल्या. पण कंपन्यांच्याच माहितीनुसार हरणासाठी पहिल्याची मर्यादा ९०० यार्ड, तर दुसऱ्याची ७५०. हे आकडेही चांगल्या परिस्थितीतले. भर दुपारच्या उन्हात, पावसात, धुक्यात, किंवा हात थरथरत असताना त्यात आणखी घट होते. ज्या यंत्रावर हरणाचा आकडा कुठेच दिलेला नाही, त्याच्या बाबतीत मोठ्या आकड्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा इतकाच गृहीत धरणं शहाणपणाचं.

अर्थात ७५० काय आणि ९०० काय, बहुतेक शिकाऱ्यांना दोन्ही गरजेपेक्षा जास्तच आहेत. पेनसिल्व्हेनिया किंवा मिशिगनच्या दाट जंगलात शंभर यार्डांपलीकडचं हरीण दिसणंच मुश्कील. वायोमिंग किंवा मोंटानाच्या मोकळ्या माळावर प्राँगहॉर्नच्या मागे जाणाऱ्याला ३००-४०० यार्डांचा प्रश्न खराखुरा पडतो. त्यापलीकडे जिवंत जनावरावर गोळी झाडण्यासाठी लागणारा सराव फार थोड्यांकडे असतो आणि तो यंत्राबरोबर डब्यात मिळत नाही.

मग मोठ्या क्षमतेचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या कारणाने. जे यंत्र हरणावर ८००-९०० यार्डांपर्यंत पोचू शकतं, ते ३०० यार्डांवर झटकन आणि पहिल्याच दाबाला आकडा देतं. क्षमतेच्या टोकाला चालणारं यंत्र तीन-चारदा बटण दाबायला लावतं, तेवढ्यात हरीण निघून जातं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सहसा येत नाही, ती म्हणजे किरण किती पसरतो. लेझर म्हणजे सरळ सुईसारखी रेघ हा समज चुकीचा आहे, लांब गेल्यावर तो टॉर्चच्या झोतासारखा रुंदावतो. किरणाची पसरण २ मिलिरेडियन असेल तर ४०० यार्डांवर तो जवळजवळ २९ इंच रुंद होतो, आणि हरणाची छाती वरून खाली साधारण १८ इंच. उरलेला प्रकाश मागच्या गवतावर, पुढच्या झुडपावर पडतो आणि यंत्र कोणाचं अंतर दाखवतंय याची खात्री राहत नाही. महाग यंत्रांच्या किमतीत बराच वाटा या अरुंद किरणाचा आणि चांगल्या काचेचा असतो.

उताराचं गणित: मचाणावर कमी, डोंगरात जास्त

‘अँगल कॉम्पेन्सेशन’ हे वैशिष्ट्य आता स्वस्त यंत्रांतही मिळतं. खाली किंवा वर नेम धरताना गोळी किंवा बाण किती खाली येईल, ते ढोबळमानाने तिरप्या अंतरावर नव्हे तर आडव्या अंतरावर ठरतं. यंत्र आतल्या कोनमापकाने उतार मोजतं आणि तिरप्या अंतराला कोनाच्या कोसाइनने गुणून आडवं अंतर देतं. शाळेत ‘हे पुढे कुठे वापरणार?’ असा प्रश्न पडायचा, ते त्रिकोणमितीचं गणित इथे कामाला येतं.

जाहिरातीत नेहमी मचाणावरचा धनुर्धारी दाखवतात. पण प्रत्यक्ष आकडे बघा. मचाण २० फूट उंच आणि हरीण बुंध्यापासून २० यार्डांवर असेल, तर तिरपं अंतर येतं २१ यार्ड. फरक फक्त एका यार्डाचा! यंत्राची स्वतःची चूकच एक यार्ड इकडे-तिकडे असते. हरीण १० यार्डांवर आलं तर तिरपं अंतर १२ यार्ड होतं, पण इतक्या जवळ बाण जवळजवळ सरळच जातो.

डोंगरात गोष्ट बदलते. ३० अंशांच्या उतारावर तिरपं अंतर ४० यार्ड असेल तर आडवं ३५ च्या आत येतं, आणि ३०० यार्ड असेल तर २६०. तिथे हे गणित न करणाऱ्याचा नेम वरून जातो. त्यामुळे कोलोरॅडोच्या पहाडात एल्क शोधणाऱ्याने ही सोय घ्यावीच. सपाट प्रदेशात मचाणावर बसणाऱ्याने केवळ तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. तसंही आता ती नसलेलं चांगलं यंत्र शोधावं लागतं.

संध्याकाळी आकडा दिसतो का?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला परवानगी असते. हरणंही नेमकी याच वेळी हिंडतात. गंमत अशी की लेझरला ही वेळ फार मानवते, कारण उन्हाचा गोंधळ नसतो आणि परत येणारा क्षीण प्रकाश सहज ओळखू येतो. अडचण होते ती माणसाच्या डोळ्याची.

स्वस्त यंत्रांत आकडे काळ्या एलसीडीचे असतात. दुपारी ते छान दिसतात. संध्याकाळी काळोख्या झाडीवर काळा आकडा म्हणजे डोळे फाडून बघितलं तरी दिसत नाही. लाल प्रकाशाचे आकडे दाखवणारा पडदा अशा वेळी कामाला येतो. दुकानात दिव्यांच्या लखलखाटात हा फरक कळतच नाही, म्हणून तो विकत घेतल्यावर जंगलात कळतो. बजेट घट्ट असेल तर हजार यार्डांची क्षमता कमी करून लाल आकडे घ्यावेत, हा सौदा बहुतेकांसाठी फायद्याचा ठरतो.

भिंगाचंही तसंच. बहुतेक यंत्रं ६ पट मोठं दाखवतात आणि पुढचं भिंग २० ते २५ मिलिमीटरचं असतं. भिंगाचा आकार भागिले पट केलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: ६ पट आणि २१ मिलिमीटरला साडेतीन मिलिमीटर, २४ ला चार. अंधारात तरुण माणसाची बाहुली ५ ते ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. त्यामुळे ‘८ पट’ किंवा ‘१० पट’ लिहिलेलं छोट्या भिंगाचं यंत्र संध्याकाळी उलट जास्त काळोखं दिसतं आणि हातही जास्त हलतो.

गोल्फचा घेतला तर चालेल?

दिसायला दोन्ही सारखे आणि सेलमध्ये गोल्फचा बऱ्याचदा स्वस्त पडतो. फरक यंत्राच्या सवयीत आहे. गोल्फमध्ये झेंडा पुढे आणि झाडं मागे असतात, म्हणून यंत्र जवळच्या वस्तूला प्राधान्य देतं. जंगलात उलट असतं. पुढे फांद्या, गवत, पावसाचे थेंब आणि हरीण त्यांच्या मागे. तिथे लांबच्या वस्तूचं अंतर देणारा मोड लागतो, नाहीतर मध्ये आलेल्या फांदीचं अंतर हरणाचं म्हणून समोर येतं. ज्या यंत्रात हे दोन्ही मोड बदलता येतात, ते दोन्हीकडे चालतं. सलग मोजत राहणारा ‘स्कॅन’ मोडही असावा. चालत्या जनावरासाठी त्याचा उपयोग होतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पाण्याबाबत ‘वॉटर रेझिस्टंट’ या शब्दावर न जाता आयपीएक्स क्रमांक बघावा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सहन होतील, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी तगेल. यूएसबीवर चार्ज होणारं यंत्र सोयीचं, पण कडाक्याच्या थंडीत त्याची बॅटरी लवकर मान टाकते. सीआर२ सेलवाल्या यंत्रासाठी खिशात एक जादा सेल ठेवला की झालं. पडद्यावर ‘३२.४’ असा दशांश दिसतो म्हणून यंत्र तितकं अचूक आहे असं नाही, बारीक आकडा छापणं आणि तो खरा असणं वेगळं. गोळीचा मार्ग काढून देणारं ‘बॅलिस्टिक’ सॉफ्टवेअर ४०० यार्डांच्या आत शिकार करणाऱ्याला अनावश्यक आहे. वॉरंटी मात्र नीट वाचावी. व्होर्टेक्ससारखी कंपनी पावती न मागता, दुसऱ्याकडून घेतलेल्या यंत्रालाही आयुष्यभराची हमी देते, आणि त्यामुळे जुनं यंत्र घेण्यातली जोखीम बरीच कमी होते. अनोळखी ब्रँडच्या बाबतीत सहा महिन्यांनी विक्रेता तरी जागेवर असेल का, हाच प्रश्न असतो.

मग किती खर्च करावा?

शंभर डॉलरच्या आतली यंत्रं टाकाऊ नाहीत. ४०-५० यार्डांच्या आत धनुष्याने शिकार करणाऱ्याला ती पुरतात, कारण एवढ्या जवळ जवळजवळ कोणताही लेझर नीट परत येतो. काच मंद आणि आकडे काळे असतात, हे मान्य करून घ्यायचं. दीडशे ते अडीचशे डॉलर हा पट्टा बहुतेकांसाठी योग्य. इथे ओळखीच्या कंपन्या, उताराचं गणित, दोन्ही मोड आणि शोधलं तर लाल आकडेही मिळतात. त्यापुढे पैसे वाढतात त्या वेगाने फायदा वाढत नाही. लायका किंवा स्वारोव्स्कीची काच बघून मोह होतो हे खरं, पण ज्याची सगळी शिकार दोनशे यार्डांच्या आत होते त्याने ते पैसे काडतुसांवर आणि सरावावर घातले तर नेम जास्त सुधारेल.

घेतल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत यंत्र तपासून घ्यायला हवं. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात एका गोल रेषेपासून दुसरीपर्यंत बरोबर १०० यार्ड असतात, तिथे आकडा पडताळता येतो. मग संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी, एखाद्या मातकट कुंपणावर किंवा झाडाच्या खोडावर मोजून बघायचं. आकडा दिसतो का, पहिल्या दाबाला येतो का, तीनदा मोजलं तर तिन्हीदा तोच येतो का? चकचकीत गाडीवर मोजून खूश होण्यात अर्थ नाही.

यंत्र घ्यायचंच नसेल तरी मार्ग आहे. जुने शिकारी मचाणाभोवतीची झाडं आधीच पावलांनी मोजून ठेवतात: हे ओकचं झाड २० वर, तो ओंडका ३० वर. हरीण तिथे आलं की अंतर माहीत. रायफलच्या दुर्बिणीत मिलिरेडियनच्या खुणा असतील तर वस्तूची उंची यार्डांत घेऊन हजारने गुणायची आणि जितक्या खुणा व्यापल्या त्याने भागायची. अर्धा यार्ड उंचीची छाती दोन खुणांत मावली, तर हरीण २५० यार्डांवर.

कायदा काय सांगतो?

हातात धरायच्या रेंजफाइंडरला अमेरिकेत वेगळा परवाना लागत नाही. पण धनुष्यालाच विजेवर चालणारं उपकरण जोडायला काही राज्यांत मनाई आहे, त्यामुळे धनुष्यावर बसवायचे रेंजफाइंडर घेण्याआधी त्या राज्याची नियमपुस्तिका बघणं आवश्यक. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘फेअर चेस’ म्हणजे जनावराला निसटायची खरी संधी देणाऱ्या शिकारीचा आग्रह धरला. तंत्रज्ञान किती वापरायचं हा वाद तिथे तेव्हापासून चालूच आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक मुद्दा महत्त्वाचा: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे आणि तो परवाना मिळवण्यासाठी बहुतेक राज्यांत आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो.

भारतात चित्र पूर्ण वेगळं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शौकाखातर शिकारीचा रस्ता बंद केला. माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक ठरावीक परिस्थितीत परवानगी देऊ शकतात. त्यामुळे रील पाहून कोणी ‘हंटिंग रेंजफाइंडर’ मागवला तर यंत्र बाळगणं गुन्हा नाही, पण त्याने शिकार करणं हा थेट तुरुंगाचा मामला आहे.

हेच यंत्र भारतातल्या जंगलात मात्र रोज कामाला येतं, ते जनावरं मोजण्यासाठी. वाघाला पुरेसं भक्ष्य आहे का हे बघायला अभ्यासक ठरवलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालतात. चितळ, सांबर, गवा दिसला की तिथेच थांबून होकायंत्राने दिशा आणि रेंजफाइंडरने अंतर नोंदवतात. त्या दोन आकड्यांवरून प्राणी रेषेपासून किती आत उभा होता ते निघतं आणि अशा शेकडो नोंदींवरून एका चौरस किलोमीटरमध्ये किती चितळं असतील याचा अंदाज बांधला जातो. इथेही अंतर नजरेने ठोकून दिलं तर घनतेचा आकडा चुकतो, म्हणून हे यंत्र घेताना बघायच्या गोष्टीही त्याच: केसाळ अंगावरून आकडा येतो का, मधल्या बांबूला चुकवून येतो का आणि पहाटेच्या अंधुक उजेडात वाचता येतो का.